मदत हवी आहे: क्लोजिंग टीमने नवीन बोलायचं ते काय?

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिल्लीतल्या एका विद्यापीठाचं विद्यार्थी वादविवाद मंडळ दरवर्षी निमंत्रितांची स्पर्धा घेतं. यंदा आमच्या कॉलेजला पहिल्यांदाच बोलावणं आलंय. आम्ही दोघंच जातोय, हातात सहा आठवडे आहेत.

शाळेपासून मी स्टेजवर बोलत आलेय. पण ते सगळं 'सदन की राय में' वालं, विषय आठवडाभर आधी मिळायचा. नाहीतर गणेशोत्सवातल्या मराठी वक्तृत्व स्पर्धा. रामबागेतल्या घरी आजोबा घड्याळ हातात घेऊन बसायचे आणि सांगायचे, "इथे थांब, हे वाक्य पोचू दे." दिल्लीची स्पर्धा ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीची आहे. चार टीम, दोन सरकारच्या बाजूने, दोन विरोधात. प्रत्येक बाजूची आधी बोलते ती ओपनिंग, नंतर बोलते ती क्लोजिंग. मोशन, म्हणजे विषय, कळलं की १५ मिनिटं तयारी, फोन बंद, मग प्रत्येकाला ७ मिनिटं. तेवढं जमेल असं वाटतं. अडलंय ते क्लोजिंगला.

मागच्या शनिवारी सराव डिबेट झाली. मोशन होतं, जुन्या शहरात खासगी गाड्यांना बंदी असावी. आम्ही क्लोजिंग गव्हर्नमेंट. माझ्या कागदावर चार मुद्दे होते: धूर, अपघात, राजवाड्यासमोरची कोंडी, पायी चालणाऱ्यांची जागा. आमच्याच बाजूच्या ओपनिंगची मुलगी बोलत होती आणि मी एकेक मुद्दा खोडत होते. माझी पाळी आली तेव्हा कागदावर चार रेघा तेवढ्या उरल्या होत्या. मी तेच सगळं जास्त चांगल्या शब्दांत बोलले. चौथा नंबर, शून्य गुण. परीक्षक म्हणाले, "बोलणं सुंदर होतं, एक्स्टेंशन कुठे होतं?" म्हणजे ओपनिंगच्या पुढे जाणारी नवी भर. घरी येऊन रडले, खरंच.

स्पर्धेत पाच फेऱ्या आहेत, जागा बदलत राहतात, म्हणजे क्लोजिंग दोन-तीनदा येणारच. पहिल्या टीमने सगळं सांगून टाकल्यावर उरतं काय? आणि इथे आम्ही दोघंच आहोत, रोज चार टीम जमत नाहीत. सराव कसा करायचा? कोणी खेळलेलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद

शून्यावर मीही सुरुवात केली होती, धीर सोडू नकोस. नवा मुद्दा शोधत बसू नकोस गं, ओपनिंगने अर्धवट सोडलेला मुद्दा शोध. तिने कोंडी कमी होईल म्हटलं. पण सराफ्यात रात्री खाण्याची गाडी लावणाऱ्याचं काय होईल, माल कोण आणेल, गिऱ्हाईक टिकेल का, हे तिने सिद्ध केलं का? एकच माणूस धर आणि बंदीनंतर त्याचं काय होतं ते पायरी-पायरीने दाखव. तेच तुझं एक्स्टेंशन. मात्र स्वतःच्या ओपनिंगला खोटं पाडायचं नाही, परीक्षक ते खपवून घेत नाहीत.

ओपनिंग अपोझिशन बोलत असताना उठून पीओआय दे, म्हणजे भाषणाच्या मध्येच विचारायचा छोटा प्रश्न. प्रश्नातच तुझ्या मुद्द्याची चाहूल द्यायची, म्हणजे तुम्ही डिबेटमध्ये आहात हे आधीच दिसतं. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून, आणि १५ सेकंदांत.

दोघांचा सराव असा कर: सकाळच्या पेपरातला एक विषय घ्या. पार्टनरने पाच मिनिटांत सुचतील ते सगळे मुद्दे बोलून टाकायचे. त्यातला एकही न उचलता तू सात मिनिटं बोल. पहिले काही दिवस तिसऱ्या मिनिटाला गप्प होशील. होऊ दे, घड्याळ चालू ठेव. आणि रेकॉर्डिंगही बघा. १९८१ ला ग्लासगोत सुरू झालेली जागतिक विद्यापीठ स्पर्धा याच पद्धतीची आहे, २०१४ ची तर चेन्नईलाच झाली. बघताना ओपनिंग संपलं की व्हिडिओ थांबवा, आपलं क्लोजिंग बोला, मग पुढे बघा.

धागाकर्ती

ताई, मनापासून आभार. आज संध्याकाळीच केलं. दोन मिनिटं चाळीस सेकंदांत अडकले. विषय होता शाळांमधली मोबाइलबंदी, आणि पार्टनरने शिक्षक, पालक, मुलं सगळं आधीच बोलून टाकलं होतं. मग मी रिक्षावाल्या काकांना धरलं, जे सुटीनंतर मुलीच्या फोनची वाट बघतात. त्यांच्यावर आणखी एक मिनिट निघालं. उद्या परत.