मदत हवी आहे: स्लो कुकरमध्ये गॅमन, आणि ग्लेझ नेमकं कधी लावायचं?

धागाकर्ती

मंडळी, बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबर) दुपारी आमच्याकडे आठ जण जेवायला आहेत. तिघे शाकाहारी, बाकीच्यांसाठी गॅमन (डुकराची खारवलेली, कच्ची मांडी) करायचं घाटतंय. सुपरमार्केटमधून दोन किलोचा, बिनहाडाचा, अनस्मोक्ड (धुरी न दिलेला) जॉइंट, म्हणजे अख्खा तुकडा, आणून ठेवलाय, जाळीत घट्ट बांधलेला. स्लो कुकर साडेतीन लिटरचा, लांबट. ओव्हन एकच, आणि त्यात बटाटे, पार्सनिप (गाजरासारखं पांढरं कंद) आणि शाकाहारींचा नट रोस्ट (सुक्यामेव्याचा भाजलेला लोफ) ठाण मांडून बसणार. म्हणून ही सगळी उठाठेव स्लो कुकरमध्ये.

पाकृ ढिगाने सापडतात, पण एकीचा दुसरीशी मेळ नाही. कुणी म्हणतं आदल्या रात्री भिजत घाला, कुणी म्हणतं हल्ली गरज नाही. कुणी लिटरभर कोला ओततं, कुणी थेंबभरसुद्धा पाणी घालू देत नाही. एका ठिकाणी तर मध-मोहरीचं ग्लेझ (वरून लावायचा गोड, चकचकीत लेप) सुरुवातीलाच चोपडून झाकण लावायला सांगितलंय. मला ते पटत नाहीये. सहा तास वाफेत ते टिकेल कसं?

पाकिटावर दर ४५० ग्रॅमला २० मिनिटं आणि वर आणखी २० मिनिटं असं लिहिलंय. ते उकळण्यासाठी किंवा ओव्हनसाठी असणार. स्लो कुकरला काय हिशोब धरायचा? शिवाय गॅमन शिजल्यावरही गुलाबीच दिसतं म्हणे, मग शिजलं हे ओळखायचं कशावरून?

आणि एक. ग्लेझसाठी मुस्कोवाडो (गडद, ओलसर ब्राउन) साखर मुद्दाम आणायची का, की घरातला गूळ चालेल?

चिकन-मटणावर हात बसलेला आहे, हा प्रकार पहिल्यांदाच करतेय. जाणकारांनी प्रकाश टाकावा. 'बाहेरून मागवा' हा सल्ला कृपया नको.

खलबत्ता

तुमची शंका रास्त आहे. स्लो कुकरमध्ये ग्लेझ लावणं म्हणजे साखर वाया घालवणं. झाकणाला जमलेली वाफ ठिबकत राहते, साखर-मोहरी सगळी खाली रसात उतरते. ग्लेझला कोरडी आणि कडक आच लागते, तरच साखर चिकटते आणि रंग येतो. तेव्हा शिजवणं स्लो कुकरचं काम, ग्लेझ ओव्हनचं. आणि ओव्हन तुम्हाला फक्त शेवटची २५-३० मिनिटं लागणार आहे. बटाटे नाहीतरी २०० अंशांवर असतील, ग्लेझलाही तेवढंच हवं (फॅन ओव्हन असेल तर १८०).

जॉइंट बाहेर काढून हाताला सोसेल इतका निवू द्या. जाळी कापा. वरची कातडी सुरीचं टोक घालून एका बाजूने सोडवा आणि ओढा. गरम असताना ती अलगद सुटते, पार गार झाली की झोंबाझोंबी होते. खालची चरबी मात्र काढू नका, अर्धा-पाऊण सेंटीमीटर थर राहू द्या, ग्लेझ त्यालाच धरतं. मग सुरीने त्या थरावर शंकरपाळ्यांसारख्या तिरक्या चौकटी पाडा. फक्त चरबीपुरत्या, मांसात सुरी जाऊ द्यायची नाही, नाहीतर रस गळतो. प्रत्येक चौकटीत एक लवंग खोचतात. दिसायला छान, पण खाताना दाताखाली लवंग आली की पाहुणे तोंड वेडंवाकडं करतात. मी चार-पाचच खोचते, त्याही कडेला.

आता महत्त्वाचं: किचन पेपरने पृष्ठभाग टिपून कोरडा करा. ओला राहिला तर ग्लेझ घसरतं. तीन टेबलस्पून डेमेरारा किंवा ब्राउन शुगर, दोन टेबलस्पून इंग्लिश मस्टर्ड, एक टेबलस्पून मध. अर्धं आधी, उरलेलं १५ मिनिटांनी. ट्रेला फॉइल लावायला विसरू नका, जळलेली साखर घासताना नवीन वर्ष उजाडेल. शेवटची पाच-सात मिनिटं ओव्हनसमोरून हलू नका.

टाईनकाठ

ग्लेझचं उत्तर मिळालंच आहे, मी मिठाबद्दल लिहितो, कारण स्लो कुकरमध्ये खरी फसगत तिथे होते. मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळलं की बरंचसं मीठ पाण्यात जातं आणि ते पाणी ओतून देता येतं. स्लो कुकरमध्ये पाणी थोडं आणि उडून जात नाही. मीठ जाणार कुठे? त्यात बऱ्याच सुपरमार्केटच्या गॅमनमध्ये मुळात पाणी भरलेलं असतं, लेबलवर तसं लिहिलेलं सापडेल. तेही शिजताना बाहेर येतं.

भिजवायचं की नाही हे नेटवर विचारू नका, गॅमनलाच विचारा. कडेचा पातळ काप काढून तव्यावर परता आणि खाऊन बघा. खारट लागला तर रात्रभर गार पाण्यात, फ्रिजमध्ये, मध्ये एकदा पाणी बदलून. वेळ नसेल तर पातेल्यात गार पाण्यात बुडवून उकळी आणा आणि ते पाणी फेकून द्या. स्मोक्ड असतं तर मी चव न बघताच भिजवायला सांगितलं असतं.

रसात मीठ, स्टॉक क्यूब असलं काही घालू नका. कांदा, गाजर, मिरे, तमालपत्र पुरे.

उरलेला रस टाकू नका, चाखून बघा. फार खारट नसेल तर त्यात पिवळे स्प्लिट पीज (वाटाण्याची डाळ) शिजवा. आमच्या न्यूकॅसलकडे पीझ पुडिंग म्हणून तेच हॅमबरोबर ब्रेडमध्ये भरून खातात. तूरडाळ घालू नका, चव वेगळी होते.

धागाकर्ती

वा, मनापासून आभार. काप परतून बघितला, बऱ्यापैकी खारट आहे, भिजवणार. पण नवीनच घोळ समोर आलाय: जॉइंट भांड्यात ठेवला तर झाकण दोन बोटं वर राहतंय! फॉइलचा घुमट करून झाकावं का?

पळीपंचपात्र

नको. झाकण नीट बसलं नाही तर वाफ निसटते आणि भांडं तापायलाच तासन् तास लागतात. सरळ दोन तुकडे करा. जाळी काढून मधोमध आडवा छेद घ्या आणि प्रत्येक तुकडा सुती दोऱ्याने पुन्हा बांधा, नाहीतर शिजल्यावर फिसकटतो. फायदाच आहे, लवकर शिजतं आणि ग्लेझला जागा जास्त.

किलोकिलोचे दोन तुकडे म्हणजे 'लो'वर पाच ते सहा तास. साडेचार तासांपासून तपासायला लागा, त्याआधी झाकण उघडू नका. गॅमन हा मांडीचा भाग, चरबी वरच्या वर, आत कमी. जास्त वेळ ठेवलं की कोरडे दोरे होतात. पुल्ड पोर्कचं (धागे सुटेपर्यंत शिजवलेल्या डुकराचं) लॉजिक इथे लावू नका, तो खांद्याचा प्रकार. आणि फ्रीझरमधून थेट कुकरमध्ये अजिबात नाही, आधी फ्रिजमध्ये पूर्ण वितळू द्या.

द्रव म्हणाल तर ३०० मिली ड्राय सायडर (सफरचंदाची सौम्य, बिनगोड दारू) किंवा सफरचंदाचा रस, गरम करून. मी स्वतः काहीच घालत नाही, खाली कांद्याच्या जाड चकत्या पसरतो आणि मांसाचंच पाणी सुटतं.

टाईनकाठ

पळीपंचपात्र, काहीच न घालणं अनस्मोक्ड आणि भिजवलेल्या जॉइंटला ठीक. पण मीठ जास्त असलेल्याला थोडा तरी द्रव द्या, नाहीतर ते स्वतःच्याच खाऱ्या पाण्यात बसून राहतं. माझं मत सायडरला. कोलाने चव बिघडत नाही, पण मग ग्लेझमधली साखर कमी करा.

विल्टशरवासी

गुलाबी रंगाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. गॅमन खारवताना मिठाबरोबर नायट्राइट वापरतात, त्यामुळे पूर्ण शिजलं तरी गुलाबीच राहतं. कोंबडीसारखं रंगावरून ठरवता येत नाही. साधा प्रोब थर्मामीटर घ्या, सगळ्यात जाड भागाच्या मधोमध खुपसा. ७० अंश दोन मिनिटं टिकलं पाहिजे, इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, फूड स्टँडर्ड्स एजन्सीचा तोच नियम. मी ७५ दिसेपर्यंत थांबतो. आणि पाकिटावर 'हॅम' लिहिलं असेल तर ते आधीच शिजवलेलं, 'गॅमन' म्हणजे कच्चं. दोन्ही एकाच शेल्फवर असतात, घाईत नीट वाचा.

अवांतर: पाकिटावर 'विल्टशर क्युअर' दिसलं तर ते मिठाच्या पाण्यात मुरवलेलं. ही पद्धत आमच्या विल्टशर परगण्यातल्या काल्न गावची. तिथे हॅरिस कुटुंबाचा मोठा कारखाना होता, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला. गावात अजून डुकरांचं शिल्प आहे.

वसईची पोर

गूळ चालतो, झकास चालतो! पण खडा ठेवू नका, बारीक चिरून संत्र्याच्या रसात मंद आचेवर विरघळवा, गाळा (गुळात कचरा असतोच), मग मस्टर्ड आणि चमचाभर सायडर व्हिनेगर. व्हिनेगर हवंच, नाहीतर नुसतं गोड गोड. ब्रशने पातळ पातळ दोन-तीनदा लावा आणि नजर ठेवा, काळा पडला की कडू.

आमच्याकडे नाताळात इंदयाल (डुकराचं आंबट-तिखट कालवण) असतं, त्यामुळे एवढं गोड डुक्कर पहिल्यांदा खाल्लं तेव्हा चमत्कारिक वाटलं होतं. सोबत तिखट पिकलिली (भाज्यांचं मोहरीतलं लोणचं) ठेवा, मराठी जिभेला तेवढाच आधार.

धागाकर्ती

मंडळी, कमाल आहात. ठरलं: दोन तुकडे, रात्रभर भिजवणं, सायडर, गुळाचं ग्लेझ. २४ ला संध्याकाळीच शिजवून ठेवू का, की २६ ला सकाळी? उरलेलं किती दिवस टिकेल?

खलबत्ता

२६ ला पहाटे सहाला लावा, साडेअकरा-बाराला तयार, मग ग्लेझ, मग १५-२० मिनिटं झाकून विसावू द्या आणि धाग्यांच्या आडवं कापा. २४ ला संध्याकाळी केलंत तर उरलेल्याचे दोन दिवस २६ ला संध्याकाळीच संपतात. उरलेलं तास-दोन तासांत फ्रिजमध्ये जाऊ दे, दोन दिवसांत संपवा, बाकीचे काप करून फ्रीझरमध्ये.

आणि ओव्हनमध्ये नट रोस्ट वरच्या कप्प्यात, गॅमन खालच्या. उलटं ठेवलंत तर डुकराची चरबी शाकाहारींच्या ताटात ठिबकेल. सुरी आणि कापायचा पाटही वेगळा काढून ठेवा, गडबडीत नंतर सुचत नाही.