रेफ्युजियमचा लाइट रात्री किती तास, आणि मुख्य लाइटशी ओव्हरलॅप किती?

मालाड_रीफ
खाऱ्या पाण्याचा टँक ३०० लिटरचा, मिक्स रीफ, म्हणजे वेगवेगळे कोरल: झोआ, हॅमर, थोडे मोंटीपोरा. संपमध्ये (टँकखालची जोडटाकी) रेफ्युजियमचा, म्हणजे शेवाळ वाढवायचा कप्पा ४० लिटरचा, त्यात कीटो या शेवाळाचा गोळा. वर ३० वॅटचा लाल-निळा ग्रो लाइट, पाण्यापासून २० सेंमीवर. मुख्य लाइट सकाळी ११ ते रात्री ९. पीएच सकाळी सातला ७.८५, रात्री आठला ८.२०. नायट्रेट १५ पीपीएम, फॉस्फेट ०.०८. रिअ‍ॅक्टरमध्ये फॉस्फेट रिमूव्हर चालू आहे.

रेफ्युजियमचा लाइट रात्री ९ ते सकाळी ९ लावला तर बरोबर होईल का? टँक हॉलमध्ये आहे आणि रात्री घरचे तिथेच एसी लावून झोपतात, त्यामुळे प्रकाश बाहेर येऊनही चालणार नाही.

खारंपाणी_दादर
बारा तास ठीक, पण ते सरकवा. पीएच सगळ्यात खाली असतो तो पहाटेपासून मुख्य लाइट लागेपर्यंत, कारण रात्रभर कोरल, मासे, बॅक्टेरिया सगळ्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड तोवर साठलेला असतो. तुमच्या वेळेत नेमके ९ ते ११ हे दोन तास दोन्ही लाइट बंद राहतात. उलट रात्री ९ ला पीएच दिवसातला सगळ्यात वर असतो, तेव्हा थोडा अंधार चालतो. म्हणून बंद करायची वेळ सकाळी ११:३० धरा. अर्ध्या तासाचा ओव्हरलॅप पुरतो. मुख्य लाइट हळूहळू चढत असेल तर एक तास ठेवा.

सुरुवात आठ तासांनी करा, पहाटे ३:३० ते ११:३०. दर आठवड्याला लागायची वेळ एक तास अलीकडे ओढा. एकदम बारा तास नकोत, याचं कारण तुमचं फॉस्फेट. मॅक्रोअल्गीत (कीटोसारखं मोठं शेवाळ) फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे सरासरी ३० अणू असतात. टेस्ट किटच्या आकड्यांत मांडलं तर एक भाग फॉस्फेटमागे साधारण २० भाग नायट्रेट. म्हणजे ०.०८ फॉस्फेट संपेपर्यंत नायट्रेट जेमतेम दीड पीपीएम उतरेल. खडकात मुरलेलं फॉस्फेट आणि रोजचं खाणं यातून भर पडत राहते हे खरं, पण वर रिमूव्हरही ओढत असेल तर फॉस्फेट शून्य आणि नायट्रेट अजून १३ अशी अवस्था यायला वेळ लागत नाही. मग कीटोची वाढ थांबते, कोरल फिके पडतात आणि वाळूवर डायनो (डायनोफ्लॅजेलेट, तपकिरी चिकट थर) पसरतात. डायनो घालवणं हे नायट्रेट १५ वरून खाली आणण्यापेक्षा फार अवघड काम आहे.

तेव्हा आधी रिमूव्हर बंद करा, मग लाइट वाढवा. फॉस्फेट आठवड्यातून दोनदा मोजा. ०.०३ च्या खाली गेलं तर लाइट दोन तासांनी कमी करा आणि खाणं थोडं वाढवा. केएचवरही (पाण्याची अल्कलिनिटी) लक्ष असू द्या. रात्रीचा पीएच सुधारला की कोरल जास्त केएच खातात, डोस वाढवावा लागतो.

वर्सोवा_पॉड्स
दादा, ४० लिटरच्या कप्प्याकडून पीएचमध्ये ०.१ च्या आसपास फरक पडला तरी चांगलं म्हणायचं. तुमचा खरा त्रास बंद हॉलमधली हवा आहे. एसी तीच हवा फिरवतो, झोपलेल्या माणसांचा कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि स्किमर (हवेच्या बुडबुड्यांनी घाण काढणारं यंत्र) तोच पाण्यात मिसळतो. स्किमरच्या हवेची नळी खिडकीबाहेर काढा. लांब नळी बारीक असली तर हवा कमी ओढली जाते, म्हणून आतून किमान १०-१२ मिमी घ्या. बाहेरचं टोक खाली वाकवून जाळी लावा, पावसाचं पाणी शिरणार नाही.

हे मुंबईत विसरू नका: सोसायटीत डासांसाठी धूरफवारणी असेल तेव्हा नळी आत घ्या. त्या धुरातली पायरेथ्रॉइड औषधं पॉड्स (बारीक कवचधारी जीव) आणि कोळंबीसाठी विष आहेत, आणि पॉड्ससाठीच तर रेफ्युजियम ठेवतो आपण.

मुलुंड_संप
चकतीवाला टायमर घेऊ नका. वीज गेली की त्याचं घड्याळ थांबतं, वेळापत्रक तेवढं पुढे सरकतं आणि सरकत सरकत रात्रीचा लाइट दिवसा लागतो. बॅटरीवाला डिजिटल टायमर घ्या. सॉकेट कॅबिनेटच्या बाहेर, वायर सॉकेटच्या खाली लोंबती, आणि बोर्डावर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच.

प्रकाश अडवायला कप्प्याच्या बाजूंना ३ मिमी काळं अ‍ॅक्रिलिक लावा. स्किमर आणि रिटर्न पंपाकडची (पाणी परत टँकमध्ये चढवणारा) बाजू आधी झाका, नाहीतर पंपावरही शेवाळ धरतं. कॅबिनेट मात्र पूर्ण बंद करू नका. पावसाळ्यात आतला ओलावा प्लायवूड फुगवतो आणि लाइटच्या ड्रायव्हरवर मीठ चढवतो. मागच्या बाजूला १२ व्होल्टचा छोटा पंखा हवा बाहेर फेकणारा लावा, त्याच्या भोकापुढे काळी पट्टी आडवी.

विजेचं म्हणाल तर ३० वॅट, बारा तास म्हणजे महिन्याला ११ युनिटसुद्धा होत नाहीत.

मालाड_रीफ
खूप उपयोगी. रिमूव्हर आजच काढतो. अजून एक: दुकानदार म्हणतो कॉलरपा (दुसरं एक शेवाळ) टाका आणि लाइट चोवीस तास ठेवा. आणि तास जास्त झाले हे कीटोकडे बघून कसं ओळखायचं?

खारंपाणी_दादर
कॉलरपा नको. ती प्रजननावर आली की अख्खी वनस्पती बीजं सोडून पांढरी पडते, पाणी दुधाळ होतं, साठवलेलं नायट्रेट-फॉस्फेट परत सुटतं आणि ऑक्सिजन पडतो. ते लांबवायला चोवीस तास लाइटची पद्धत पडली, पण तीही खात्रीची नाही. कीटोला त्याची गरज नाही.

गोळा वरून पांढरट आणि आतून हिरवा असेल तर प्रकाश जास्त आहे. आधी लाइट ५ सेंमी वर घ्या, तास नंतर कमी करा. वरून हिरवा आणि पोटात तपकिरी, लिबलिबीत असेल तर आत प्रकाश पोचत नाही. पाण्याचा झोत असा द्या की गोळा फिरत राहील, आणि कप्पा भरला की तिसरा हिस्सा काढून टाका. सगळाच फिका पडून तुटायला लागला तर आधी नायट्रेट-फॉस्फेट मोजा. दोन्ही जागेवर असतील तर लोह कमी पडतंय, ट्रेस डोस (लोहासारख्या सूक्ष्म घटकांचा) अर्ध्या मात्रेने सुरू करा.

वांद्रे-वरळीच्या खडकांवरचं शेवाळ मात्र आणू नका. तिथल्या पाण्यात सांडपाणी मिसळतं, आणि सोबत खेकडे, किडे येतात ते वेगळेच.