आकडेवाल्या मॅमिलेरियाचं बूड कुजतंय

पावसाळ्यात मॅमिलेरिया या छोट्या निवडुंगाचं बूड मऊ पडलं असा मूळ प्रश्न आहे आणि वर सल्ला मिळालाय, 'आठवड्यातून एकदा पाणी घाला.' एप्रिलात ठीक आहे हो, जुलैत त्यानेच झाड जातं. हा आकडेवाला प्रकार, मॅमिलेरिया बोकासाना, मूळचा मेक्सिकोतल्या सान लुईस पोतोसी भागातला. पुण्यातली चार महिन्यांची दमट हवा त्याला कुठून सोसणार? मी जून ते सप्टेंबर कुंडी पत्र्याखाली ठेवतो आणि माती तळापर्यंत वाळल्याशिवाय पाणी देत नाही.

नर्सरीतून आलेलं झाड बहुधा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतं. ते मुळांपासून झाडून काढा. नव्या मिश्रणात निम्म्याहून जास्त विटांचे बारीक तुकडे आणि धुतलेली जाड वाळू, थोडं पानांचं खत, आणि कुंडी मातीचीच.

तुमचं झाड अजून वाचेल. मऊ भाग कापत वर जा. कापात तपकिरी ठिपकासुद्धा दिसेनासा झाला की थांबा. दर कापाला सुरी स्पिरिटने पुसा. मग आठ-दहा दिवस सावलीत वाळवून कोरड्या वाळूवर टेकवा. बाजूची पिल्लं धडधाकट असतील तर तीही लावा.

जपून मात्र. पांढऱ्या कापसाआड लालसर आकडे लपलेले असतात. माझ्या सदऱ्याची बाही एकदा अडकली, मी हिसका दिला आणि कुंडी थेट खाली! आकडा गळासारखा असतो, ओढायचा नाही, किंचित मागे रेटून सोडवायचा.

डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ कोरडा ठेवलात तर पुढे डोक्याभोवती फिकट फुलांचं कडं येतं.