चार वर्षांच्या लेकीची थायरॉइड ग्रंथी आताच काढायची का? (आरईटी, कोडॉन ६३४)

अबोली (प्रश्न)

नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहायची वेळ आली.

बाबांच्या मानेत दोन वर्षं गाठ होती. सुईची तपासणी झाली, थायरॉइडचा कॅन्सर आहे एवढं कळलं, आणि यात माणसं बरी होतात असं ऐकून आम्ही धीर धरला. ग्रंथी काढल्यावर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला, त्यात ‘मेड्युलरी’ लिहिलं होतं. मी विचारलं, रेडिओआयोडीन कधी द्यायचं? सर्जननी समोर बसवून सांगितलं की हा कॅन्सर थायरॉइड संप्रेरक बनवणाऱ्या पेशींचा नाहीच. त्यांच्या मधे मधे विखुरलेल्या सी-पेशी असतात, त्यांचा आहे. त्या आयोडीन शोषत नाहीत, त्यामुळे त्या उपचाराचा उपयोग नाही. त्या कॅल्सिटोनिन बनवतात, म्हणून रक्तातल्या कॅल्सिटोनिनवर पुढे लक्ष ठेवायचं.

मेड्युलरीच्या दर चार रुग्णांमागे साधारण एकाचा आजार आनुवंशिक असतो, म्हणून बाबांचं रक्त जनुकीय तपासणीला गेलं. आरईटी जनुकात कोडॉन ६३४ला, म्हणजे जनुकातल्या ६३४ क्रमांकाच्या जागी, बदल निघाला. एमईएन २ए, म्हणजे अनेक अंतःस्रावी ग्रंथींत गाठी होऊ शकणारा आनुवंशिक आजार. मग आम्हा सगळ्यांचं रक्त गेलं. भावात बदल नाही. माझ्यात आहे. लेकीत आहे. ती चार वर्षं दोन महिन्यांची आहे.

रिपोर्ट आला तेव्हा ती पलंगाखाली लपून ‘मला शोध’ म्हणत होती. मी तो कागद हातात धरून तिला घरभर शोधत होते.

डॉक्टर म्हणतात, पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत सगळी ग्रंथी काढावी. तिचं कॅल्सिटोनिन मर्यादेत आहे, सोनोग्राफी स्वच्छ आहे. म्हणजे चांगली चालणारी ग्रंथी काढून टाकायची आणि जन्मभर गोळी द्यायची. सासूबाई म्हणतात, गाठ झाली तर बघू. मला त्यांचा राग येत नाही, रात्री मीही हेच म्हणत असते. आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत थांबता येणार नाही का? तोवर गळा जरा मोठा होईल, आवाजाच्या नसेला धोका कमी राहील, असं मला वाटतं.

घराण्याबद्दल: बाबांच्या पाठीवर, दोन्ही फऱ्यांच्या मधे, एक काळपट खाजरा चट्टा आहे. मी लहान असल्यापासून गजकर्ण समजून ते मलमं लावतात. माझी एकुलती आत्या २६व्या वर्षी बाळंतपणात गेली, रक्तदाब एकाएकी भयंकर चढला होता. संबंध असेल-नसेल, सगळं लिहावं म्हणून लिहिलं.

सोनचाफा

ताई, मी तुमच्या लेकीच्या जागी होतो. कोडॉन ६३४च. सहाव्या वर्षी ऑपरेशन झालं, आज मी २८ वर्षांचा आहे.

माझीही सोनोग्राफी स्वच्छ होती. ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा उजव्या बाजूला दोन मिलिमीटरचा कॅन्सर सापडला. माझा दादा तेव्हा १५ वर्षांचा होता. आमच्या घरातला हा बदल त्याच्या गाठीमुळेच कळला. त्याच्या मानेतल्या लिम्फ नोड्समध्ये आजार पोचलेला होता. दोन ऑपरेशनं झाली तरी त्याचं कॅल्सिटोनिन कधी शून्यावर आलं नाही. तो नोकरी करतो, हिंडतो-फिरतो, पण दर सहा महिन्यांनी रिपोर्टची वाट बघतो. माझं गेली २२ वर्षं मोजण्याइतकंही नाही. आम्हा दोघांत फरक नऊ वर्षांचा.

गोळीचं म्हणाल तर सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. वाढत्या वयात डोस सारखा बदलावा लागला. बाकी मी पोहलो, मारामाऱ्या केल्या, उंचीला बाबांच्या वर गेलो. त्रासाचे दिवस होते ते ऑपरेशननंतरचे तीन-चार आठवडे. ओठांभोवती मुंग्या यायच्या, बोटं वाकडी व्हायची. कॅल्शियम उतरलं की असं होतं. लेकीला आधीच शिकवून ठेवा की तोंडाशी मुंग्या आल्या की लगेच आईला सांगायचं.

आणि एक गोष्ट माझ्या मनात अजून सलते. मला ‘डॉक्टर फक्त गळा बघणार आहेत’ असं सांगून नेलं होतं. जाग आली तेव्हा मानेला पट्टी होती आणि आवाज घोगरा. पुढे कितीतरी दिवस आई ‘जरा बाहेर जाऊन येऊ’ म्हणाली की मी पलंगाचा पाय धरून बसायचो. आईने मायेपोटीच लपवलं, हे आता कळतं. पण चार वर्षांच्या मुलीलाही खरं सांगता येतं. सांगा.

गुणसूत्र दहा

मी आनुवंशिक अंतःस्रावी ट्यूमरवरच्या संशोधनात काम करते. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला बरोबर आहे. तो असा का, ते सांगते.

आरईटी जनुक दहाव्या गुणसूत्रावर आहे. त्यापासून पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक (रिसेप्टर, संदेश टिपणारं प्रथिन) तयार होतो. बाहेरून संदेश आला की तो चालू होऊन पेशीला ‘वाढ’ म्हणतो. ६३४ या जागी सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं, ते त्याच ग्राहकातल्या दुसऱ्या सिस्टीनला धरून असतं. बदलामुळे एक सिस्टीन गेलं की दुसरं एकटं पडतं आणि शेजारच्या ग्राहकातल्या तशाच एकट्या सिस्टीनला जाऊन चिकटतं. दोन ग्राहक असे जोडले गेले की संदेश नसतानाही कायम चालू राहतात. म्हणून तुमच्या लेकीची ग्रंथी ‘चांगली’ आहे हे अर्धंच खरं. संप्रेरक ती उत्तम बनवते, पण तिच्यातल्या प्रत्येक सी-पेशीला जन्मापासून वाढीचा हुकूम सुटलेला आहे.

एमईएन २एचं कारण हे जनुक आहे, हे १९९३मध्ये कळलं. पुढच्याच वर्षी केवळ जनुकीय तपासणीच्या आधारावर मुलांची ग्रंथी काढल्याचा पहिला अहवाल आला. २००५मध्ये अशा ५० मुला-तरुणांचा पाच वर्षांहून अधिक काळचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, त्यातल्या ४४ जणांत आजाराचा मागमूस नव्हता. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत कोडॉननुसार धोक्याचे तीन गट आहेत. ९१८ असेल तर पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया, ६३४ला पाचव्या वर्षी किंवा त्याआधी, आणि मध्यम धोक्याच्या बदलांत कॅल्सिटोनिन पाहत थांबता येतं. तुम्ही विचारता ती थांबण्याची मुभा त्या तिसऱ्या गटाला आहे. ६३४मध्ये कॅल्सिटोनिन बघून पाच वर्षांच्या आतबाहेर थोडं मागेपुढे करतात. आठ-नऊपर्यंत नाही.

लवकर केल्याचा फायदा शस्त्रक्रियेतही होतो. कॅल्सिटोनिन ४०च्या आत असेल आणि नोड्स स्वच्छ असतील तर बहुधा नुसती ग्रंथी काढून भागतं, मधल्या भागातले नोड्स खरवडावे लागत नाहीत. आवाजाच्या नसेला आणि पॅराथायरॉइडना (थायरॉइडला लागून असलेल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींना) खरा धोका तिथे वाढतो. लहान मुलांत या चार ग्रंथी तांदळाच्या दाण्याहूनही बारीक आणि अर्धपारदर्शक असतात, अनुभवी डोळ्यांनाच दिसतात. म्हणून सर्जनना स्पष्ट विचारा की पाच वर्षांखालच्या किती मुलांची थायरॉइड तुम्ही स्वतः काढली आहे. विचारायला संकोच करू नका.

आता मला खरी काळजी वाटते ती वेगळीच आहे. तुमच्या पोस्टमध्ये तुम्ही स्वतः कुठे आहात? तुमच्यातही तोच बदल आहे. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा (थोडक्यात फिओ, अॅड्रेनालिनसारखी संप्रेरकं सोडणारा ट्यूमर) आहे का, हे तपासलं का? त्यासाठी रक्तातले मेटानेफ्रिन, म्हणजे त्या संप्रेरकांपासून बनणारे पदार्थ, मोजतात. हा ट्यूमर लक्षात न घेता भूल दिली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढू शकतो. ६३४ असलेल्यांत ही तपासणी ११व्या वर्षापासून दरवर्षी करतात, आणि प्रत्येक मोठ्या शस्त्रक्रियेआधी व गरोदरपणाआधी तर करायचीच. बाबांचीही झाली होती का ते पाहा.

फऱ्यांमधला तो खाजरा चट्टा ६३४च्या घराण्यांत ओळखीचा आहे, लायकेन अमायलॉइडोसिस म्हणतात. तुमच्या आत्याचं काय झालं हे आज कोणी ठरवू शकणार नाही, पण गरोदरपणातला फिओ असाच दिसतो. त्यांचं बाळ वाचलं का?

एक भाचा

थोडक्यात एक भर. वजन आणि मधुमेहासाठी हल्ली सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड सर्रास लिहून देतात. घरात मेड्युलरी किंवा एमईएन २ असेल तर ती औषधं घ्यायची नसतात. सगळ्या नातेवाइकांना कळवा, डॉक्टर दरवेळी विचारतीलच असं नाही.

अबोली

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा.

बाबांचे मेटानेफ्रिन ऑपरेशनआधी पाहिले नव्हते. सुदैवाने आता पाहिले ते ठीक आहेत. माझे मर्यादेच्या चौपट आले. डाव्या अधिवृक्क ग्रंथीत तीन सेंटीमीटरची गाठ आहे. अधूनमधून छातीत धडधडायचं, दरदरून घाम यायचा, ते मी जागरणांवर ढकलत होते. रक्तदाब आवरणारं अल्फा-ब्लॉकर औषध सुरू आहे, नाक सतत चोंदलेलं असतं, भरपूर पाणी आणि मीठ घ्यायला सांगितलंय. आधी माझी ही गाठ निघेल, मग माझी थायरॉइड, आणि मी उभी राहिले की लेकीची. तिला पाच व्हायला अजून नऊ महिने आहेत.

सोनचाफा, तिला सांगितलं. बाहुलीच्या मानेला पट्टी लावून सांगितलं. तिने एकच विचारलं, ‘तू तिथेच बसशील ना?’

आणि ताई, आत्याचा मुलगा वाचला होता. तो त्याच्या वडिलांकडच्या माणसांत वाढला, आमचं येणंजाणं तुटलं होतं. बाबांनी तीन दिवस फोन फिरवून त्याचा नंबर मिळवला. आईचं नाव निघाल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग कोडॉनचा आकडा पुन्हा सांगायला लावून त्याने लिहून घेतला. सोमवारी तो रक्त द्यायला जातोय, बाबा त्याच्याबरोबर जाणार आहेत.