जपानचं नागरिकत्व तिशीच्या आत घ्यावं का?

निशिकासाईकर:
भाषा शिकायला तोक्योत आलो, इथेच नोकरी लागली, राहतो एदोगावा वॉर्डात. आता नागरिकत्वासाठी अर्ज करायचं ठरवतोय. कायद्यात सलग ५ वर्षं वास्तव्य, चांगलं वर्तन आणि पोटापाण्याची सोय या मुख्य अटी आहेत. आधीचं नागरिकत्वही सोडावं लागतं. शिवाय 'जपानी का व्हायचंय' हे स्वतःच्या हाताने जपानीत लिहून द्यायचं. माझं कारण मतदानाचं. कर भरतो, पेन्शनचे हप्ते भरतो, पण परदेशी माणसाला वॉर्डाच्या निवडणुकीतसुद्धा मत नाही. अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, ते जपानी नागरिक झाल्यावरच. विरोधी बाजू मोकळेपणाने मांडा.

पंचगंगा:
मी विरोधात. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. १९५५च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे तू जपानी झालास की भारतीय राहत नाहीस. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड मिळेल, पण त्यावर मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. त्यापेक्षा कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना घे. शिक्षण, पगार वगैरेंवर गुण देणाऱ्या कुशल व्यावसायिकांच्या गुणपद्धतीत ८० गुण भरले तर १ वर्षानंतरही अर्ज करता येतो. पासपोर्ट तुझाच राहतो.

सेंदाईवासी:
शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने येते. सातबाऱ्यावर नाव लागतं.
आणि तो परवाना फार भरवशाचा समजू नका. २०२० च्या एप्रिलपासून काही महिने, कोरोनामुळे प्रवेशबंदी घातलेल्या देशांत गेलेल्या परदेशी रहिवाशांना मोजके अपवाद सोडता परत येऊ दिलं नाही. कायमस्वरूपी परवाना असणारेही त्यात अडकले. घर, नोकरी, मुलांची शाळा जपानात आणि माणूस बाहेर! जपानी नागरिक मात्र परतू शकत होते. हा फरक मी विसरू शकत नाही.

पंचगंगा:
मग त्याच वर्षी मार्चमध्ये भारताने ओसीआयवाल्यांचा व्हिसाविना प्रवेश थांबवला होता, तेही लक्षात ठेवा. दोन्हीकडची दारं बंद झाली तर तू आईवडिलांजवळ असायला हवास की नोकरीजवळ? निशिकासाईकर, आधी याचं उत्तर दे.

ओसाकाची आई:
माझी मुलगी इथेच जन्मली. आम्ही दोघं भारतीय, म्हणून ती जपानी नाही. इथे जन्मावर नागरिकत्व मिळत नाही. तरी मला घाई नाही. युक्रेनमध्ये जन्मलेली मॉडेल कॅरोलिना शिइनो पाच वर्षांची असल्यापासून जपानात वाढली, २०२२ मध्ये नागरिक झाली आणि २०२४ मध्ये 'मिस निप्पॉन' या सौंदर्यस्पर्धेत पहिली आली, तेव्हा 'ही कसली जपानी' म्हणणारे निघालेच. कागद मिळाला तरी माझ्या मुलीला हे ऐकावं लागणार, याचा त्रास होतो.

निशिकासाईकर:
ताई, असं बोलणाऱ्यांना उत्तर द्यायचं तर मला हक्काने उभं राहायचं आहे, पाहुणा म्हणून नाही. पंचगंगा, आईवडिलांचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, ते मान्य. पण परतीची वाट अगदीच बंद नाही. ओसीआय घेऊन ५ वर्षं झाली आणि अर्जाआधी १२ महिने भारतात राहिलं, तर भारतीय नागरिकत्वासाठी पुन्हा अर्ज करता येतो.

पंचगंगा:
येतो, पण तेव्हा जपानचं सोडावं लागेल. म्हणजे त्या वयात हाच निर्णय उलट्या बाजूने. माझा विरोध कायम. घरी विचारलंस का?

निशिकासाईकर:
बाबांचा होकार आहे. आईशी बोलणं चालू आहे. ती हो म्हणेपर्यंत अर्ज देणार नाही.