ट्यूबखाली पट्टे, न जुळणारे कट, मागे पडणारा आवाज: पहिल्या शॉर्टफिल्मआधी नेमकं काय शिकावं?

पायवाट

नमस्कार. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी सहा मिनिटांची शॉर्टफिल्म करायची आहे. प्रसंग एकच: स्वयंपाकघरात आई आणि मुलगी, चहा पिता पिता बोलणं, शेवटी मुलगी उठून जाते. हाताशी क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा साधा कॅनन डीएसएलआर, १८-५५ची किट लेन्स, उसनी ५० एमएम १.८, एक ट्रायपॉड, वायरचा कॉलर माईक आणि दुसरा कॅमेरा म्हणून अँड्रॉइड फोन आहे. एडिट डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट व्हर्जनवर करणार, लॅपटॉपला रॅम ८ जीबी.

टेस्ट शूट केलं तर चार गोष्टी बिघडल्या. ट्यूबलाईटखाली चित्रावर आडवे पट्टे सरकतात. ५०च्या लेन्सवर क्लोज सुंदर दिसतो, पण निम्मे टेक आउट ऑफ फोकस. आईवरून मुलीवर कट केला की झटका बसतो, दोघी एकाच दिशेला बघतात असं वाटतं. आणि आवाज लांबून, डब्यातून आल्यासारखा. यूट्यूबवर पाहून गोंधळ वाढलाय. कशापासून सुरुवात करू?

उजेड

पट्ट्यांपासून करा, कारण तो दोष एडिटमध्ये नीट जात नाही.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. सेन्सर चित्र एका क्षणात टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. शटर (म्हणजे ओळीला उजेड मिळण्याचा वेळ) १/६० सेकंद असेल तर काही ओळींच्या वाट्याला उजेड जास्त येतो, काहींच्या कमी, आणि तेच पट्टे दिसतात. १/५०ला प्रत्येक ओळीला नेमक्या दोन झळाळ्या मिळतात, १/१००ला एक. म्हणून कॅमेऱ्याच्या मेनूत व्हिडिओ सिस्टिम एनटीएससी (६० हर्ट्‌झवाल्या देशांची) असेल तर पाल (५० हर्ट्‌झवाली) करा, २५ फ्रेम निवडा, शटर १/५० ठेवा आणि शूट संपेपर्यंत त्याला हात लावू नका. उजेड कमीजास्त करायचा तर ॲपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) आहे, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आहे, दिवा पुढेमागे सरकवता येतो. शटर त्या कामाचं नाही.

एवढं करूनही पट्टे राहिले तर बहुधा स्वस्त एलईडी बल्ब किंवा डिमर कारणीभूत असतो, त्यांची लुकलुक ५०च्या हिशेबात बसेलच असं नाही. घरातला एकेक दिवा एकटा लावून पांढऱ्या भिंतीचा दहा सेकंदांचा शॉट घ्या आणि लॅपटॉपवर बघा. जो लुकलुकतो तो शूटच्या दिवशी बंद.

खरं तर दिवसा शूट असेल तर ट्यूब बंदच ठेवा. खिडकीचा उजेड एका बाजूने चेहऱ्यावर येऊ द्या आणि सावलीच्या बाजूला, फ्रेमच्या जरा बाहेर, थर्माकोलचा पांढरा शीट उभा करा. जवळ आणलं की सावली उजळते, लांब नेलं की गडद होते. हे दहा मिनिटं नुसतं सरकवून बघा. खिडकीचा निळसर उजेड आणि पिवळा बल्ब एका चेहऱ्यावर एकत्र येऊ देऊ नका, एक रंग बरोबर केला की दुसरा बिघडतो. व्हाईट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून असलेलं रंगाचं सेटिंग) ऑटोवर ठेवला तर तो टेकच्या मधेच बदलतो. आईच्या जागी पांढरा कागद धरून त्याचा फोटो काढा आणि कस्टम व्हाईट बॅलन्स म्हणून तोच निवडा. ऊन सरकत राहतं, तेव्हा दोघींचे क्लोज शक्यतो एका तासाच्या आत उरका.

आता फोकस. तुमच्या सेन्सरवर ५० एमएम, एफ १.८, माणूस दीड मीटरवर: फोकसमध्ये राहणारी खोली पुढेमागे मिळून जेमतेम ६ सेंटीमीटर. कप तोंडाला लावताना डोकं त्याहून जास्त पुढे येतं, म्हणजे ऐन घोटाला डोळे फोकसमधून जातात. एफ ४ला हीच खोली साधारण १४ सेंटीमीटर होते. पार्श्वभूमी तरीही मऊ राहते आणि निम्मे टेक वाचतात. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका, स्क्रीनवर चित्र १० पट मोठं करून कॅमेऱ्याजवळच्या डोळ्याच्या पापणीवर फोकस लावा. पात्र बसतं तिथे जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा, खुर्ची दोन इंच सरकली तरी सगळं बदलतं.

किट लेन्सबद्दल एकच: १८ला तिचं ॲपर्चर ३.५पर्यंत उघडतं, ५५ला ५.६पर्यंतच. ३.५ ठेवून झूम केलंत की चित्र आपोआप काळवंडतं. सगळे शॉट ५.६ला घेतले तर ही भानगड राहत नाही.

चौकटमोड

पण सिनेमाचा लूक हवा असेल तर २४ फ्रेम ना? २५ टीव्हीचा आकडा आहे.

उजेड

२४ आणि २५मधला फरक पडद्यावर डोळ्याला कळत नाही. २४ घेतलंत तरी शटर १/५०च ठेवायचं, चालतं. चालत नाही ते मिसळणं: कॅमेरा २५, फोन ३०, टाइमलाईन (एडिटमधली क्लिप लावायची पट्टी) २४. मग कुठे फ्रेम गळतात, कुठे दुणावतात आणि हालचाल अडखळते. एक आकडा ठरवा. इथे २५ सोयीचा.

जोडकाम

कट न जुळण्याचं कारण तुमच्या वर्णनातच आहे. दोघींच्या मधून एक सरळ रेघ ओढलेली आहे असं समजा. कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला राहिला तर आई फ्रेमच्या उजवीकडे बघते, मुलगी डावीकडे, आणि प्रेक्षकाला त्या समोरासमोर वाटतात. मुलीचा क्लोज घ्यायला कॅमेरा पलीकडे गेला की दोघी उजवीकडे बघू लागतात. छोट्या स्वयंपाकघरात हे फार पटकन होतं, कारण जागा फक्त दाराशी असते आणि माणूस जागा मिळेल तिथे ट्रायपॉड ठेवतो. आदल्या दिवशी फरशीवर खडूने रेघ आखा. कुठल्या बाजूला राहायचं ते खिडकी बघून ठरवा.

दोघींचे क्लोज एकाच लेन्सवर, तितक्याच अंतरावरून, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून घ्या. एकीचा ५०वर आणि दुसरीचा फोनवर घेतला तर कट कितीही नेमका असला तरी खटकणार. फोन इन्सर्टसाठी, म्हणजे मधे घालायच्या छोट्या शॉटसाठी ठेवा: उकळता चहा, गाळणी, बोटं.

शूटचा क्रम: आधी पूर्ण प्रसंगाचा मास्टर, दोघी फ्रेममध्ये. मग आईच्या बाजूचं सगळं, खांद्यावरून आणि क्लोज. त्यानंतरच लाईट हलवून मुलीकडे. प्रत्येक क्लोजमध्ये पूर्ण संवाद म्हणून घ्या, फक्त आपली वाक्यं नकोत, कारण दुसरीचं बोलणं ऐकतानाचा चेहरा एडिटला सोन्यासारखा असतो. कुलेशोव्ह या सोव्हिएत दिग्दर्शकाने १९२०च्या सुमारास एका नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या वाटीशेजारी आणि शवपेटीशेजारी जोडून बघितला होता. चेहऱ्यात काही बदललं नव्हतं, अर्थ शेजारच्या शॉटमधून येत होता. तेव्हा मुलीला दुःख दाखवायला सांगू नका, नुसतं ऐकायला सांगा.

आता कपबशीकडे या, तुमचे निम्मे झटके तिथले आहेत. मास्टरमध्ये आई ‘तू ठरवलंस तर’ म्हणताना कप उचलते आणि क्लोजमध्ये तेच वाक्य संपल्यावर उचलते, तर मधे कुठेच कापता येत नाही. एका माणसाला फक्त हेच काम द्या: कुठल्या शब्दावर कप उचलला, कुठल्या हाताने, बशी कुठे राहिली, कपात चहा किती उरला, वाफ होती का. मास्टर संपला की फोनवर फोटो. प्रत्येक टेकला नव्याने तेवढाच चहा ओता.

‘ॲक्शन’ म्हणण्याआधी पाच सेकंद आणि ‘कट’ म्हणण्याआधी पाच सेकंद कॅमेरा चालू राहू द्या. नवख्यांच्या रशेसमध्ये, म्हणजे कच्च्या शूटमध्ये, सगळ्यात जास्त उणीव याच दहा सेकंदांची असते.

कानोसा

डब्यातला आवाज म्हणजे बहुतेक कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माईकचा आवाज, किंवा कॉलर माईक असूनही त्याची पिन नीट बसली नाही म्हणून कॅमेऱ्याच्या माईकवर गेलेलं रेकॉर्डिंग. दर टेकआधी कॉलर माईकवर हलकं नखाने टिचकी मारा आणि फोनचा किंवा कॅमेऱ्याचा मीटर हलतो का बघा.

कॉलर माईक हनुवटीखाली एक वीत, छातीच्या मध्यावर. साडी असेल तर पदराची घडी त्यावर घासते, म्हणून पदराच्या आत कापडी चिकटपट्टीने पक्का करा आणि वायरचा एक सैल वळसा तिथेच चिकटवा, म्हणजे ओढ माईकवर येत नाही. दुसरीसाठी दुसरा माईक नसेल तर तिचा क्लोज घेताना हाच माईक तिला लावा. मास्टरला माईक कोणाला, हा प्रश्न फार मोठा नाही, त्याचा आवाज बहुतेक क्लोजमधून घेता येतो.

रेकॉर्डिंग लेव्हल ऑटोवर नको. दोघी थांबल्या की कॅमेरा आपण होऊन लेव्हल चढवतो आणि मागची घरघर फुगून वर येते. मॅन्युअलवर टाकून सगळ्यात मोठ्या वाक्याला मीटर -१२ डेसिबलच्या आसपास पोचेल असं ठेवा. शून्याला टेकलेला आवाज फाटतो, तो परत येत नाही.

स्वयंपाकघर हे आवाजाला सगळ्यात वाईट ठिकाण: टाइल्स, ग्रॅनाईटचा ओटा, स्टीलची भांडी. फ्रेममध्ये न येणाऱ्या भिंतीवर गोधड्या टांगा, जमिनीवर सतरंजी घाला. पंखा, चिमणी आणि फ्रिज बंद. फ्रिज बंद केलात की गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे परत चालू केल्याशिवाय कोणी घरी जात नाही.

कुकरची शिट्टी, कप ठेवल्याचा ठणका, दूध उतू जाण्याचा फसफसाट: यातलं काहीही संवादावर येऊ देऊ नका. शिट्टी एकदा टेकमध्ये आली की त्या जागी कापता येत नाही. संवाद कोरडे घ्या आणि हे आवाज नंतर माईक जवळ नेऊन वेगळे रेकॉर्ड करा. शेवटी सगळ्यांना उभं करून एक मिनिट खोलीची नुसती शांतता घ्या. दोन वाक्यांमधल्या फटी तिनेच बुजवायच्या असतात, पूर्ण म्यूट केलं तर तिथे भोक पडल्यासारखं ऐकू येतं.

पायवाट

खूप आभार, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. दोन गोष्टी राहिल्या. टेस्टमध्ये फोनवर एक आठ मिनिटांचा शॉट सलग घेतला होता, त्यावर कॅमेऱ्याचा आवाज बसवला. सुरुवातीला ओठ जुळतात, शेवटी जुळत नाहीत. आणि रिझॉल्व्ह लॅपटॉपवर इतकं अडकतं की कट कुठे पडला तेच दिसत नाही.

जोडकाम

फोन उजेडानुसार फ्रेमरेट स्वतःच थोडा वरखाली करत राहतो. ३० लिहिलेलं असलं तरी आतमध्ये कधी २९, कधी ३०. म्हणून ओठ हळूहळू सरकतात. आधीच्या क्लिप हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून पुन्हा काढा आणि मगच टाइमलाईनवर आणा. पुढच्या वेळी ब्लॅकमॅजिक कॅमेरा ॲप तुमच्या फोनवर चालतं का बघा, फुकट आहे. त्यात २५ फ्रेम, १/५० शटर, व्हाईट बॅलन्स सगळं लॉक होतं. फोनचं ॲपर्चर सहसा बदलता येत नाही, त्यामुळे बाहेर उन्हात १/५० ठेवायचं तर एनडी फिल्टर (लेन्ससमोरची काळसर काच) लागेल. आतल्या शॉटना नाही. आणि दर टेकला टाळी: दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशी. हात टेकल्याची फ्रेम आणि आवाजाच्या आलेखातलं टाळीचं टोक एकमेकांवर आणलं की काम झालं.

रिझॉल्व्हमध्ये पहिली क्लिप आत आणण्याआधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाइमलाईन फ्रेमरेट २५ करा. क्लिप आल्यावर तो आकडा बदलू देत नाही. मग मीडिया पूलमध्ये सगळ्या क्लिप निवडून राइट क्लिक, जनरेट प्रॉक्सी मीडिया. हलक्या प्रती तयार होतात, एडिट त्यांच्यावर होतं, एक्सपोर्ट मूळ क्लिपवरून. ८ जीबीवर ब्राउझर बंद ठेवा आणि फ्युजनच्या (इफेक्ट्सच्या) पानाकडे जाऊ नका. तरीही अडकलं तर शॉटकट वापरा, तेही फुकट आहे आणि प्रॉक्सी देतं. सहा मिनिटांच्या दोन पात्री प्रसंगाला त्यात काही कमी पडत नाही.

डिस्कवर जागा किती लागेल ते आधीच काढा. बिटरेट मेगाबिटमध्ये असतो, ८ने भागला की सेकंदाचे मेगाबाइट. ३० मेगाबिट म्हणजे तासाला साडेतेरा जीबी. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय आणि दुसऱ्या डिस्कवरची एक क्लिप शेवटपर्यंत चालवून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

एडिटची सुरुवात संवादाच्या आवाजापासून करा. डोळे मिटून ऐकलं तरी प्रसंग कळेल अशी आवाजाची पट्टी आधी लावा, मग चित्र बसवा. चित्र आणि आवाज नेहमी एकाच जागी कापले तर टेनिसची मॅच वाटते: बोललं की कट, बोललं की कट. आईचं वाक्य संपायच्या १०-१२ फ्रेम आधी, म्हणजे साधारण अर्धा सेकंद, चित्र मुलीवर न्या. किंवा उलट, चित्र मुलीवरच राहू द्या आणि आईचा आवाज आधी सुरू करा. हालचालीवर कापायचं असेल तर कप बशीतून सुटून वर निघालेला असताना कापा. हात निघण्याआधी किंवा कप तोंडाला टेकल्यावर कापलं तर कट दिसतो.

रंगाला शेवटी हात लावा. आधी दोघींच्या क्लोजमधला उजेड स्कोप (उजेड-रंगाचा आलेख) बघून सारखा करा, मगच लूक. एक्सपोर्ट एच २६४, १०८०पी, २५ फ्रेम, १६ ते २० मेगाबिट, आवाज ४८ किलोहर्ट्‌झ. तयार फाइल लॅपटॉपच्या स्पीकरवर नको, हेडफोनवर आणि एकदा फोनच्या स्पीकरवर ऐका.

शूटला अजून वेळ असेल तर या आठवड्यात एवढंच करा: एक माणूस चहा गाळतो, पाच शॉट, एकही संवाद नाही, एका मिनिटाच्या आत. त्याचा कट इथे टाका, कुठे खटकतं ते फ्रेम मोजून सांगतो.