ॲना ओ फ्रॉइडची पेशंट नव्हतीच

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने ॲना ओ (हे टोपणनाव) या मानसिक आजाराच्या पेशंटला नुसतं बोलतं करून बरं केलं असं दोघातिघांनी लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. तिला फ्रॉइडने कधी तपासलंच नाही हो, ती व्हिएन्नाच्या डॉक्टर योसेफ ब्रॉयरची पेशंट, १८८०-८२ ची गोष्ट, फ्रॉइड तेव्हा नुकता कुठे डॉक्टर झालेला. आजारी वडिलांची सेवा करता करता तिचा उजवा हात लुळा पडला, मध्येच मातृभाषा जर्मन बोलताच येईना, फक्त इंग्लिश! म्हणून तर या बोलून बरं करण्याच्या उपचाराचं 'टॉकिंग क्युअर' हे नाव इंग्लिशमध्ये आहे आणि ते डॉक्टरने नाही, तिने स्वतः दिलंय. गंमतीत ती त्याला धुराडं साफ करणं असंही म्हणायची, मला हेच नाव जास्त आवडतं.

आणि 'बरी झाली' म्हणाल तर ब्रॉयर आणि फ्रॉइडच्या १८९५ च्या पुस्तकात तसा सूर आहे खरा, पण एलेनबर्गर नावाच्या इतिहासकाराने १९७२ मध्ये जुने कागद छापले त्यात दिसतं की ब्रॉयरची ट्रीटमेंट संपल्या संपल्या १८८२ च्या जुलैत तिला स्वित्झर्लंडमधल्या क्रॉयझलिंगेनच्या सॅनेटोरियममध्ये ठेवावं लागलं, वर मॉर्फिनची सवय लागलेली ती वेगळीच. पुढे मात्र बाई जबरदस्त निघाली. खरं नाव बर्था पापेनहाइम, १९०४ मध्ये जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना काढली, मुलींना फसवून विकणाऱ्यांविरुद्ध लढली, १९५४ मध्ये पश्चिम जर्मनीने तिचं पोस्टाचं तिकीट काढलं ते या कामासाठी.